यांनी दाखवलेला तारा

३ नोव्हेंबर
…चादरी पिळून झाल्या होत्या, दूध उतू गेलं होतं, मी ओटा पुसत होते. तेवढ्यात हे चष्मा शोधत आत आले आणि म्हणाले, काल गच्चीवरून दाखवला तो आपला तारा, लक्षात ठेव. लग्नाला आठवडा झाला होता. चौतीस वर्षं लक्षात ठेवला. यांना जाऊन दोन वर्षं झाली, अजून दिसेल त्या प्रत्येक संध्याकाळी बघते.

पंधरा तारखेला वाचनालयात बायकांच्या गटापुढे माझं भाषण. विषय 'आमचा तारा'. तिथूनच आकाशाबद्दलचं जुनं पुस्तक आणलंय. शाळा सातवीत सुटली, पण वाचन दांडगं. भाषण उत्तमच होणार.

५ नोव्हेंबर
पान ४१. तारे एकमेकांची संगत सोडून हलत नाहीत म्हणे. आमचा तर दरवर्षी जागा बदलतो. यांना विचारलं होतं, तर म्हणाले, त्याला एका जागी करमत नाही. पुस्तकात चूक आहे. लेखकाला कळवायला हवं.

८ नोव्हेंबर
नणंद आली. खिडकीतून तारा दाखवला. म्हणाली, अगं वहिनी, तो गुरू! ग्रह आहे तो. मी म्हटलं, तुला गं काय कळतं त्यातलं? तर म्हणाली, दादानेच शिकवलं, मी चौथीत असताना.
तिच्या चहात साखर घालायची राहिली. मुद्दाम नव्हे.

९ नोव्हेंबर
मला काही वाटलेलं नाही. गुरूसुद्धा ताऱ्यासारखा हायड्रोजन आणि हेलियमचाच. फक्त वजन कमी पडलं, म्हणून पोटातली भट्टी पेटली नाही. ऐंशी पट असतं तर झाला असता तारा. ऐंशी म्हणजे काही फार नाही.

१० नोव्हेंबर
फार आहे.

१२ नोव्हेंबर
पुस्तकाच्या शेवटच्या पानावर नेणाऱ्यांच्या सह्या. यांची तीनदा. तिन्ही तारखा लग्नाआधीच्या.
नणंदेला फोन केला. म्हणाली, मी सांगितलं होतं गं दादाला, वहिनीला खरं सांगून टाक म्हणून. तर म्हणाला, आता इतकी वर्षं झाली, राहू दे.
राहू दे! सूर्याच्या उसन्या उजेडाला मी चौतीस वर्षं आपलं म्हणत बसले, आणि बहीणभावांना सगळं ठाऊक.

१४ नोव्हेंबर
ठरलं. उद्या सगळ्यांसमोर यांचं नाव घेऊन सांगणार, मला कसं फसवलं ते. आवाज कापू द्यायचा नाही. खिडकीचा पडदा लावून टाकलाय.

१५ नोव्हेंबर
वाचनालयात गेले. फळ्यावरचा विषय पुसून 'तारा आणि ग्रह' असं लिहिलं. वीस मिनिटं बोलले. स्वतः जळतो तो तारा. कितीही मोठा असला तरी दुसऱ्याच्या उजेडाने चमकतो तो ग्रह. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, एवढं सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?
यांनी, म्हणून सांगितलं.