बाबांची मूठ

आईस धाकटीचा नमस्कार,

बाबा बरे आहेत, दोन घास जास्त खातात. डाव्या अंगात अजून जीव नाही. उजव्या हाताची मूठ मात्र एकदा आवळली की त्यांची त्यांनाही सोडता येत नाही.

घरी मदतीला बाई कुठून मिळेल, हे विचारायला मी इथल्या सरकारी मदत कार्यालयात किती हेलपाटे घातले. तिथला साहेब मान वर न करता म्हणायचा, "ते आमच्याकडे नाही, वर विचारा." वरचे म्हणायचे, खाली विचारा.

काल बाबांनाच चाकाच्या खुर्चीतून नेलं आणि त्यांचा हात साहेबाच्या मनगटावर ठेवला. साहेब ओढून ओढून लाल झाला.

"अहो ताई, सोडवा की."

"युक्ती आहे," मी म्हटलं, "पण ती माहिती या टेबलावर मिळत नाही. वर विचारा." आणि डबा उघडून जेवायला बसले. मला दया आली म्हटलं तर खोटं होईल.

मोकळ्या हाताने त्याने भराभर फोन लावले. सोमवारपासून बाई येतेय. मग मी बाबांच्या हाताच्या पाठीवरून बोट फिरवलं, मूठ सुटली.

तिकडच्या उपचारांनी तुझे गुडघे आता कसे आहेत? आलीस की बाबा तुझाही हात धरतील. तेव्हा ही युक्ती वापरू नकोस.

साहेबावरचा राग अजून न गेलेली,
तुझी धाकटी