ओटचा डबा

हॅस्केलबाई,

काल तुम्ही बिस्किटांसाठी वाटीभर ओट मागायला वर आलात आणि मी "संपलेत" म्हणाले, डबा समोर फळीवर दिसत असताना. "बरं, असू दे," म्हणत तुम्ही जिना उतरलात. मी कंजूष वाटले असेन तुम्हाला. त्या डब्यात ओटखाली पिस्तूल आहे.

करारात "घरात बंदूक चालणार नाही" ही ओळ तुम्ही हाताने का लिहिलीत, ते मला माहीत आहे. तुमचा मुलगा रॉय याच स्वयंपाकघरात स्वतःच्याच बंदुकीने गेला. सही केली तेव्हा माझ्याकडे खरंच काही नव्हतं. मग माझा नवरा ड्वेन, मला मारल्याबद्दल आत गेलेला, तुरुंगातून सुटला. मला नवरा आहे, हे मी तुम्हाला कधी बोललेच नाही. पोलीस म्हणाले, त्याने काही केलं तर कळवा. म्हणून मी पिस्तूल घेतलं. आता तुम्हीही बाहेर काढलंत तर नॉक्सव्हिलमध्ये मला कोण घर देणार? म्हणून ही चिठ्ठी तुमच्या दाराखाली सरकवायला मन धजत नव्हतं.

आज तुम्ही ओट विकत आणून बिस्किटं केलीत, ताटली घेऊन वर आलात आणि हसत म्हणालात, "अगं लोरेटा, दुपारी तुझा पाहुणा येऊन गेला. इतका अदबीचा, टोपी काढून बोलला, माझ्या पिशव्यासुद्धा आत आणून दिल्या. मी म्हटलं, ती वरच राहते, संध्याकाळी ये, नक्की भेटेल."

बिस्किटं अजून गरम आहेत. आज वरून कसलाही आवाज आला, तरी जिना चढू नका, बाई.

तुमची वरची भाडेकरू,
लोरेटा