तुम्ही न पाहिलेला समुद्र

अहो मास्तर,

आज शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. तुमची पिशवी खुंटीवरून खाली यायचा दिवस! सकाळपासून नुसत्या येरझारा घालतेय. शेवटी म्हटलं, बसावं आणि तुम्हालाच लिहावं. भांडायला दुसरं कोण आहे मला?

चित्रकलेचे मास्तर तुम्ही, पण सुट्टी लागली की पाथरीत तुमचा पाय ठरायचा नाही. कधी बिदरची तटबंदी, कधी परांड्याचा खंदक, कधी अलिबाग, कधी मुरूड. बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होतो, तेव्हाही गेलातच की! "पुढच्या वर्षी तुला नेतो," हे किती उन्हाळे ऐकलं मी.

तिथं नुसती पेन्सिल चालवायची, रंग मात्र घरी येऊन अंगणात भरायचे. आणि वर मला विचारायचं, "सुमन, पाण्याचा रंग जमला का गं?" अहो, मी ते पाणी पाहिलं होतं का? मी आपली मान डोलवायची. राग यायचा, खरं सांगते.

सासूबाई तरी बऱ्या. मुरूडच्या समुद्राचं चित्र त्यांनी उन्हात धरलं आणि म्हणाल्या, "लय झ्याक नांगरलंय. कुणाचं वावर हाय रं ह्ये?" तुम्ही हसून हसून बेजार झालात.

आणि दिवाळीनंतर दोन दिवसांच्या तापात गेलात. असं कुणी जातं का हो? अस्थी रीतीप्रमाणे गंगेत सोडल्या. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो.

गेल्या महिन्यात मी वर्गात तीच नदी शिकवत होते. नकाशावर छडी पैठणवरून निघाली, आपल्या भागातून नांदेडकडे गेली आणि थेट पूर्वेच्या समुद्राशी थांबली. तुमचे सगळे समुद्र तर पश्चिमेचे! "बाई, पुढं?" पोरी विचारायला लागल्या.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. तुम्हाला भलत्याच समुद्राकडे धाडलं का आम्ही? जेवताना तेच, पाठ टेकली की तेच. काल न राहवून सासूबाईंपाशी रडले. त्या तूर पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "रडायलीस कशाला? पाह्यलेल्या गावाला पुन्हा गेला का कधी त्यो? त्याला नवंच लागायचं. आन् तू बी जाऊन ये की. घर बघायला मी हाय."

मास्तर, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं!

लोक बोलतील. वर्ष झालं नाही आणि बाई एकटी समुद्र बघायला निघाली, म्हणतील. म्हणू देत. परवा परभणीहून गाडी धरते. सिकंदराबाद, तिथून राजमहेंद्री, मग विचारत विचारत गंगा समुद्राला मिळते तिथवर. भीती वाटते हो. तेलुगूचा एक शब्द येत नाही मला. तरी जाणार.

तिथलं चित्र तुम्ही काढलेलं नाही. पहिल्यांदाच एक जागा आपण दोघं मिळून नव्यानं बघू. नदीला वेळ लागतो म्हणतात. मी तुमच्या आधी पोचले, तर थांबेन, हे वचन. तुमची वाट बघायची सवयच आहे मला. या खेपेला ती घरात बसून बघणार नाही, एवढंच.

तुमचीच,
सुमन