आगीत कोणत्या दारानं पळायचं?

मांजरसुंबा, मार्गशीर्ष, बुधवार, दिवेलागण

देवी टोचणारे डॉक्टर जुन्या प्रवासी मोटारीत बिऱ्हाड थाटून गावोगाव हिंडणार. सुतारकाम माझ्याकडं. शेगडी पुढच्या दाराशी, म्हणून आग लागली तर निसटायला मी मागं दुसरं दार काढलं. लई खूश होतो.

आज बायकोला पुढच्या दारानं आत बसवलं आन् एकाएकी ओरडलो, "काशे, आग! पळ!" मागचं दार तिच्या हाताशी होतं. तरी ती शेगडी ओलांडून पुढूनच बाहेर आली. असं कावून केलं तिनं?

शेजारचा धनगर हसला. "मेंढरू घाबरलं की आलेल्या वाटेनंच पळतं. दुसरं फाटक त्याला दिसतच न्हाई."

माणूसही तसंच? मग डॉक्टरांच्या माणसांनी रोज मागच्या दारानंच ये-जा करावी. पायांना सवय लागली की झालं! हे सुचलं तसं धावत घरी जाऊन काशीला सांगितलं.

ती म्हणाली, "आवो, आपल्या घराला दार एकच. चूलबी त्याच दाराशी."

बारा वर्षं मी त्याच दारानं आत-बाहेर करतोय. म्हणूनच दिसलं न्हाई का?

मागच्या भिंतीसाठी कुदळ काढून ठेवलीय.