ग्रेड वन गुडघा

३ मार्च २०१२
उजवा गुडघा कुरकुरतोय. फरशी बसवायचा धंदा, दिवसभर गुडघ्यावरच असतो, कुरकुरणारच. बायकोने ओढत डॉक्टरकडे नेलं. एमआरआय झाला. लिगामेंट झिजायला लागलंय म्हणाले, ग्रेड वन. ग्रेड वन! टाइल्सच्या दुकानात ग्रेड वन म्हणजे फर्स्टक्लास माल. बायकोला समजावलं, तर म्हणे कपाळ माझं. उद्यापासून व्यायाम.

४ मार्च
पाहुणे आले. व्यायाम सोमवारपासून.

१९ ऑगस्ट २०१५, सकाळी
ग्रेड टू. चालतंय की. ग्रेड टू माल बेडरूममध्ये खपतो, पलंगाखाली कोण बघतंय? डॉक्टर म्हणे, पॅड बांधा, उकिडवं बसू नका. पॅड बांधलेला मिस्त्री दिसला की गिऱ्हाईक पळतं. पॅड माळ्यावर.

७ जानेवारी २०१९
जिना उतरताना गुडघा सटकला. पायऱ्याच उंच केल्यात. बायको म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हापासून तेवढ्याच आहेत. तिला बांधकामातलं काय कळतं!

३० मे २०२३
ग्रेड थ्री. काम बंद करा म्हणाले, तोंडावर. असला माल आपण गच्चीवर लावतो, ऊन-पाऊस खाऊन वर्षानुवर्षं टिकतो. लेकीने नवं घर घेतलंय. हॉलची फरशी मीच बसवणार, ती एवढीशी होती तेव्हा शब्द दिलाय. जावई म्हणाले, दुसरा मिस्त्री बघू. म्हटलं, मी काय मेलोय?

११ जून, दुपारी
काम सुरू. खरं तर लांबच्या कोपऱ्यातून दाराकडे सरकत यायचं, नवशिक्यालाही कळतं. पण उठायला चौकटीचा आधार बरा पडतो. म्हणून दारापासूनच सुरुवात केली. डोकं लागतं याला.

११ जून, संध्याकाळी
हॉल झाला. लेव्हल अशी की गोटी हलणार नाही. मी मात्र पार पलीकडच्या कोपऱ्यात. गुडघा सरळ होईना, धरायला काही नाही, आणि दारापर्यंत सगळी ओल्या सिमेंटवरची फरशी. लेकीला ओरडून सांगितलं, सुकेपर्यंत इथेच बसतो, मस्त वाटतंय. ऐकेल तर शपथ! ती आणि जावई फरशी तुडवत आले, दोघांनी उचलून बाहेर काढलं. मधल्या रांगा खचल्या. रडू आलं. गुडघा दुखतोय म्हणून, असं सांगितलं.

१४ जून
जावयांनी दुसरा मिस्त्री आणला. मी देखरेखीला. त्याला चार गोष्टी सांगितल्या, तर लेकीने माझी खुर्ची बाहेर गॅलरीत नेली. बाबा, त्यांना काम करू द्या म्हणाली. दार लोटून घेतलं. आत तो टाइल ठोकत होता; खाली सिमेंट नीट भरलं नसेल तर ती पोकळ वाजते. एक तरी पोकळ वाजेल म्हणून दिवसभर कान लावून बसलो. एकही वाजली नाही.