ताई, घंटेच्या दोराला हात लावायचा नाही

ताई, तू हो म्हणालीसच कशी? आपल्या शाळेच्या मोठ्या सिस्टरांचा फोन आला, त्यांनी गोड आवाजात विचारलं आणि तू घंटा वाजवायला लगेच हो? भोपळ्याची एक फोड घ्यायची तर भाजीवालीला रडवतेस, आणि इथे पाठच्या बहिणीला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही? हे फोनवरच सुनावणार होते, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. कागदावर मात्र तुला गप्प बसावं लागतं.

असो. राग सांगून झाला, आता नमस्कार. पाया पडले असं समज. (खरंच वाकले तर उठवायला दोघंजण लागतात.) तुझे गुडघे कसे आहेत? दुखत असतील अशी आशा आहे, कारण पुढे कळेल. सूनबाई, जावई, नातवंडं सगळ्यांना आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, हे मुद्दाम लिहिते.

तर शाळेची शंभरी. इथे नुसती धांदल उडाली आहे गं! सिस्टर शिडीवर चढून भिंती रंगवतायत, मरियामातेच्या झग्याला नवा निळा रंग दिलाय, गाणारी मुलं एकच गाणं इतक्यांदा घोकतायत की आमच्या गल्लीतला न्हावीसुद्धा दाढी करताना तेच गुणगुणतो. शाळेचा इतिहास छापणार आहेत. त्यात ‘ज्ञानाचे मंदिर उभे राहिले’ असं लिहिलंय. मंदिर कसलं! साबणाचा बंद पडलेला कारखाना होता तो. पहिल्या सिस्टरांना फुकट मिळाला, म्हणून तिथे शाळा. फरशीत साबण इतका मुरलेला की आपल्या वेळेपर्यंत हवा दमट झाली की वर्गात पाय ठरत नसे. नवीन बाई आली की पहिल्या दिवशी घसरतच आत यायची, आणि आपण उभं राहून ‘सुप्रभात’ म्हणायचो. मी ज्या काही चार इयत्ता शिकले त्यात तेवढंच नीट लक्षात आहे. मोठी घंटाही त्या कारखान्याचीच, कामगारांना बोलावायची. सिस्टरांनी तिला दुपारच्या प्रार्थनेला लावलं. नियम तुला आठवतोच, आणि तो अजून तसाच आहे: मोठी घंटा वाजली की असशील तिथे थांबायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे, आणि घंटा थांबेपर्यंत हलायचं नाही.

दुसरा नियम असा की शाळेच्या मोठ्या समारंभाला मोठी घंटा शाळेच्या सगळ्यात वयस्कर विद्यार्थ्याने वाजवायची. माझ्यापुढच्या एकेक करून देवाघरी गेल्या आणि मान माझ्याकडे आला. तू लग्न होऊन इतकी वर्षं लांब गेलेली, तू कोणाच्या लक्षातच नव्हतीस. मला कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. न विचारता बोलायची मला सवय नाही. (हसू नकोस.)

शनिवारी रंगीत तालीम होती. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आजी, दोर नुसता हातात धरून बघा. आता दोर हातात आल्यावर नुसता कोण धरतं? दिला एक हिसका. आणि त्याच वेळी मागच्या मैदानावर मुलींचा फुटबॉलचा सामना चालला होता, नदीपलीकडच्या शाळेबरोबर. गोल अडवायला माझीच नात. घंटा वाजली आणि आपल्या सगळ्या पोरी होत्या तिथे खांबासारख्या उभ्या. नातीने तर समोरून चेंडू येताना पाहिला, आणि हात जोडून डोळे मिटले! पलीकडच्यांना कुठला आपला नियम माहीत? त्यांनी एक गोल केला. घंटा चालूच. दुसरा केला. घंटा चालूच. तिसरा तर म्हणे त्यांच्या पोरीने चालत जाऊन ठेवून दिला. आणि सामन्याचे पंच म्हणजे आपले शिट्टीवाले सर, खेळाचे मास्तर. ते मैदानाच्या मधोमध हात जोडून, तोंडात शिट्टी धरून, प्रार्थनेत!

मग जी जुंपली! शिट्टीवाले सर म्हणाले, मी प्रार्थनेत होतो, मला दिसलं नाही, दिसलं नाही तर गोल कसला? पलीकडच्या बाई म्हणाल्या, तुमची प्रार्थना तुमच्याकडे, आमचे गोल आमच्याकडे. शेवटी सगळे मिळून माझ्याकडे वळले. सर म्हणाले, ह्या आजींच्या हातात पुन्हा दोर द्याल तर मी शिट्टी टाकून घरी जाईन. मोठ्या सिस्टर बिचाऱ्या पेचात पडल्या. दुसरं वयस्कर कोणी आहे का, असं म्हणाल्या. तेव्हा माझ्या सख्ख्या नातीने, चिखलाचे गुडघे घेऊन पुढे येत, माझ्याकडे बघत सांगितलं, आजीची मोठी बहीण आहे ना! चांगली जिवंत आहे! असा माझ्या हातचा मान तुझ्या हाती गेला. नात अजून माझ्याशी बोलत नाही. ताट समोर सरकवते आणि भिंतीकडे बघते.

म्हणून सांगते, येऊ नकोस. रस्ता खडबडीत, धूळ फार. दोर काथ्याचा, हात सोलून निघतील. गुडघ्यांची काळजी घे. घंटा मीच वाजवणार, त्याशिवाय माझा जीव शांत होणार नाही. सिस्टरांना मी पटवते.

तुझी धाकटी

ता. क. सामना पुन्हा होणार, शंभरीच्याच दिवशी, घंटा वाजून गेल्यावर. पलीकडच्या बाईंनीच मोठं मन केलं. नात आज दोन शब्द बोलली: ‘मीठ दे.’

आणखी एक ता. क. हे कोणाला दाखवू नकोस. घंटा मी चालू ठेवली नव्हती गं. एक हिसका दिला, आणि वर जाताना दोराने मलाच उचललं. चपला खाली, मी वर. मग खाली, मग परत वर. सोडला तर पडेन, धरला तर वाजते! आता माझ्या अंगात वजन कुठे उरलंय? आठवतं, शाळेत घंटा वाजवायची आपली पाळी असायची तेव्हा तू दोर ओढायचीस आणि मी तुझ्या कमरेला लटकायचे? एकटीने ती घंटा तेव्हाही आवरली नव्हती. तू अजून तशीच भक्कम आहेस असं सूनबाई सांगत होती. गुडघ्यांना तेल लाव आणि आदल्या दिवशी ये. दोर मी धरीन, तू मला धर. मान माझा, वजन तुझं.

सिस्टरांना काही कळवायचं नाही, त्यांना मी सांगते. आणि ह्या पत्राचं उत्तर तू द्यायचंस, तुझ्या स्वतःच्या हाताने. सूनबाईच्या अक्षरात आलं तर न वाचता परत पाठवीन.