माझा जोड कापायचा नाही

नाही, मी रागावलेलो नाही. रागावलेला माणूस तब्येत विचारत नसतो, मी विचारतो. जावईबापू, पाठ कशी आहे? लेक बरी ना? बरं. आता ऐका.

चाळीस वर्षं वेल्डिंग केलं, आर्गॉन मला कुणी शिकवू नये. तापलेल्या जोडाला हवा लागू नये म्हणून हाच गॅस सोडायचा, काम झालं की गेला वाऱ्यावर. तुम्ही मंडळी तोच गॅस गोठायच्या बेताला आणून पाण्यासारखा पातळ करता, टाकीत भरता, आणि टाकी फुग्याला बांधून आभाळात धाडणार. का, तर लांबच्या ताऱ्यांचे गॅमा किरण त्यात शिरतील, इलेक्ट्रॉन सुटे करतील, ते टाकीत ताणलेल्या तारांपर्यंत पोचले की तुम्हाला चित्र मिळेल. (चित्र म्हणे! मी पाहिलं. काळ्यावर चार ठिपके.) असो. टाकी जोडून द्या म्हणालात, दिली. पांढरा झगा, डोक्याला टोपी, हातमोज्यांवर हातमोजे. माझ्या लग्नात मी एवढा सजलो नव्हतो.

आता म्हणे इलेक्ट्रॉन वाटेतच मरतात. टाकीत कसलीतरी घाण आहे, ती त्यांना खाते. असेल. पण तुमच्या त्या मोठ्या बाई चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "वेल्डरचा जोड गळतोय. सोमवारी कापा, दुसऱ्याला बोलवा." माझ्यादेखत! बाहेरून हेलियम फवारून तपासलं, जरा आत झिरपला की मशीन ओरडतं; मशीन हूं की चूं करीना, तरी जोडच वाईट! पंप कुणी बसवला, तारा कुणी ताणल्या, त्यांना कुणी विचारलं? सातवी नापास मी एकटाच ना तिथे. आणि तुम्ही? भिंतीवरचं घड्याळ बघत उभे! सासरा आहे म्हणायला जीभ जड झाली?

माझा जोड कापलात, तर तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही.

तुमचा सासरा

ता. क. पाऊल ठेवीन. पाणी घेणार नाही.

आणखी एक. टाकी रिकामी केलीच आहे, तर रविवारी तुम्ही एकट्यानेच उघडा. झाकणाच्या आतल्या अंगाला, कडेशी, मार्करने काही लिहिलेलं सापडेल. बाहेरून आवरण चढणार, म्हणून आत लिहिलं. बोटाचा ठसासुद्धा चालत नाही हे मला नंतर कळलं. स्पिरिटने पुसा, दोनदा पुसा, आणि बाईंना जोडाला हात लावू देऊ नका. नाव तुमच्या ओळखीचं आहे, रोज हाक मारता. टाकी आभाळात जाणार होती, तेवढ्यासाठी लिहिलं. घरी बोलायचं नाही. मला विचारायचं नाही. मी सांगणार नाही.